लोणच्याच्या बरण्यांवरचं ऑरेगन

जूनमधल्या एका रविवारी मी सात माणसांचं कुटुंब पटकीनं मारून टाकलं, कारण मला टीव्हीवर वनडे मॅच बघायची होती.

पोलिसात जाण्याआधी जरा थांबा. ती माणसं खरी नव्हती. निदान माझी तशी समजूत होती, आणि चूक झाली ती तिथेच.

नवरा, बायको, बायकोची आई, तीन मुली आणि एक मुलगा असं ते कुटुंब होतं. दीडशे वर्षांपूर्वी अमेरिकेत बैलगाडीतून पश्चिमेकडे निघालेलं. ते माझ्या हवाली झालं भाईंदर पूर्वेला, जेसल पार्कातल्या एका वन रूम किचनमध्ये. हवाली करणारे गृहस्थ मोजणी खात्यातून रिटायर झाले होते. अख्खी बिल्डिंग त्यांना मोजणीसाहेब म्हणायची, म्हणून मीही म्हणायचो.

मोजणीसाहेब मूळचे रत्नागिरीकडचे. अंगानं काठीसारखे, आणि ती काठीही सरळ रोवलेली. छत्तीस वर्षं त्यांनी लोकांच्या जमिनी मोजल्या आणि त्याची सवय पायांत उतरली होती. कोणाच्या नव्या घराच्या पूजेला गेले की चप्पल काढून आत येईपर्यंत पावलांनी हॉल मोजून व्हायचा. मग तीर्थ घेता घेता यजमानाला विचारायचे, "बिल्डरनं बारा फूट सांगितलाय? सव्वाअकरा आहे." यजमानाच्या तोंडातला प्रसाद तिथेच कोरडा. त्यांचं स्वतःचं घर एका गुंठ्याचा तिसरा हिस्सा भरत होतं, आणि ते तसंच सांगायचे. आपल्या घरापुरते फूट-बीट त्यांना मान्य नव्हते.

असा माणूस अमेरिकेच्या वाटेला कसा गेला? नोकरीत असताना रद्दीवाल्याकडे त्यांना तिकडच्या मोजणीचं एक जुनं पुस्तक मिळालं. त्यात नकाशे होते. मैलोन् मैल चौकोन, एकाला एक लागून, कुठे बांध वाकडा नाही.

"एकशे साठ एकर," ते मला पहिल्याच भेटीत म्हणाले. आवाज असा की देवळात आहोत. "एका माणसाला. चौकोनी. आमच्या गावच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर त्रेचाळीस नावं आहेत, त्यातली एकोणीस मेलेली. तिकडे एक नाव! एक!"

पण ते भाबडे नव्हते. नकाशावर त्यांनी लाल शाईनं तिथल्या मूळ जमातींची नावं लिहिली होती, आणि वर मथळा होता 'कब्जेदार'. "मोकळी जमीन असं काही नसतं," ते म्हणायचे. "मी कुठल्याही माळावर मोजणीची साखळी टाकली, की झाडामागून कोणीतरी यायचंच. तिकडे पण आले असणार. ऐकलं नाही कोणी."

मी त्यांच्या मंडळात शिरलो तेही चुकून. बिल्डिंगच्या फळ्यावर खडूनं लिहिलं होतं, 'अमेरिकन सरहद्द इतिहास मंडळ, दर रविवारी चार वाजता, चहा मिळेल.' मी तेव्हा अंधेरीच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळत होतो आणि परदेशी जायची स्वप्नं बघत होतो. मी 'अमेरिकन' आणि 'चहा' एवढंच वाचलं. व्हिसाची माहिती मिळेल म्हणून पासपोर्ट खिशात घालून वर गेलो. दोन तासांनी खाली आलो तेव्हा माझ्याकडे एक बायको, एक सासू आणि चार मुलं होती.

कारण मंडळाची रीतच तशी होती. इथे भाषणं नव्हती. प्रत्येक सभासदानं एक कुटुंब घ्यायचं आणि एक गाडी. मे महिन्याच्या पहिल्या रविवारी मिसुरी नदीकाठून तांडा निघाला. आपला एक दिवस तो तांड्याचा एक दिवस. दर रविवारी ज्यानं त्यानं सांगायचं, आठवडाभर आपल्या गाडीत काय झालं, पीठ किती उरलं, बैल कसे आहेत, कोण रुसलंय. आणि एक कडक नियम. बंदूक, घोडदौड, मारामारी यातलं काही निघालं की बोलणाऱ्यानं सगळ्यांचे कप विसळायचे. "लोक पाच महिने चालत होते," साहेब म्हणायचे. "गोळीबार करायला पायात त्राण कुठे होतं?" एकदा एक जण चामड्याची हॅट घालून आले. साहेबांनी ती काढायला लावली नाही. फक्त विचारलं, "गाडीत मीठ किती आहे?" ते पुन्हा आले नाहीत.

नकाशा साहेबांनी स्वतः ट्रेसिंग क्लॉथवर काढला होता. दहा मैलांना एक इंच. त्यामुळे दोन हजार मैल हॉलच्या भिंतीत मावेनात. मिसुरी नदी चपलांच्या रॅकपाशी होती, तिथून नकाशा टीव्हीच्या वरून कोपऱ्यापर्यंत जायचा, वळायचा, दारावरून स्वयंपाकघरात शिरायचा, आणि ऑरेगन यायचं खिडकीजवळ, काकूंच्या लोणच्याच्या बरण्यांच्या वर. तांडा म्हणजे एक निळी टाचणी. रोज दीड इंच. साहेब सकाळी दात घासून आले की टाचणी सरकवायचे, मग चहा.

काकू म्हणजे साहेबांच्या बायको. गोल, बुटक्या, आणि बोलायला लागल्या की साहेब मोजणी थांबवायचे.

सभासद सात-आठ, पण कायमचे तीन. मी. स्टेशनजवळ हार्डवेअरचं दुकान असलेले मेहताभाई, ज्यांनी आपल्या गाडीत खिळ्यांची चार पिंपं भरली होती, "उधर जाके घर बनायेंगे तो खिळा कोण देणार, साहेब?" आणि जुन्या भाईंदरातले म्हातारे नाखवा, ज्यांनी गाडीत होडीचा लोखंडी नांगर घेतला होता. साहेबांनी समजावलं की वाटेत समुद्र नाही. नाखवा म्हणाले, "नदी हाय ना? मंग नांगर पायजे. नांगराबिगर मी घराबाहेर जात न्हाय."

दिवसाला पंधरा मैल हा आकडासुद्धा साहेबांनी पुस्तकातून उचलला नाही. जवळच्या चेणे गावात तेव्हा एक बैलगाडी शिल्लक होती. ती सांगून ठेवून आम्ही एका सकाळी तिकडे गेलो. गाडीत विटा भरल्या आणि वजनाला मला बसवलं. साहेब हातात घड्याळ आणि वही घेऊन बाजूनं चालले. अर्ध्या वाटेत एका खड्ड्यात मी मागच्या बाजूनं खाली पडलो. बैल थांबले नाहीत, आणि साहेबही थांबले नाहीत. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. गाडीवाला मागे वळून ओरडला, "तुमचा मानूस परला हाय!" साहेब म्हणाले, "हो, वेळ लिहिलीय."

हे पडणं लक्षात ठेवा. मला तर अजून पाठ दुखली की आठवतं.

तर तो रविवार. मॅच दुपारची, बैठक चारची. आजारी आहे म्हणालो असतो तर साहेब बघायला आले असते. तेव्हा मला वाटलं, कुटुंबच नसेल तर माणूस बैठकीला कशाला जाईल? मी साडेतीनला फोन केला. काकूंनी उचलला.

"काकू, साहेबांना सांगा, माझं अख्खं कुटुंब पटकीनं गेलं. म्हणून येत नाही."

"अगंबाई! कधी रे? तुझी बायको पण?" काकू किंचाळल्या. मग दोन सेकंद थांबून, "कुठलं कुटुंब?"

"अमेरिकेतलं."

"मेल्या, जीव गेला असता माझा." आणि फोन ठेवला.

सोमवारी संध्याकाळी साहेब दारात. हातात वही. पंचनाम्याला आले होते.

"पाणी कुठलं प्यायले?"

"नदीचं."

"उकळून?"

"नाही."

"सासूबाई फक्त कॉफी प्यायच्या. मागच्या महिन्यात तूच सांगितलंस. कॉफीचं पाणी उकळतं. मग त्या कशा गेल्या?"

"लेकीच्या दुःखानं," मी म्हणालो. माझी खरी बायको स्वयंपाकघरातून बघत होती, तिला कळेना की तिच्या आईबद्दल बोलणं चाललंय की काय.

साहेबांनी लिहून घेतलं. "आणि धाकटी मुलगी आणि मुलगा? शनिवारी ते मेहताभाईंच्या गाडीत खेळायला होते. म्हणजे ते वाचले. पाच गेले, दोन राहिले." वही मिटली. उठताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. "वाईट झालं," म्हणाले. इतकं खरं म्हणाले की मला चहा विचारायचंही सुचेना.

पुढच्या रविवारी मला वाटलं, सुटलो. तसं नव्हतं. मृत सभासदाला मत नसतं, पण कप विसळता येतात, असा ठराव झाला होता. आणि तांडा जागच्या जागी उभा होता, कारण दोन पोरक्या मुलांना कोणी घ्यायचं यावर एकमत झाल्याशिवाय गाड्या हलणार नव्हत्या.

"मेरा वॅगन ऑलरेडी फुल आहे," मेहताभाई म्हणाले. "बच्चा लोग खिळ्यावर बसणार काय?"

"पोऱ्या घेन मी," नाखवा म्हणाले. "पोरीला जागा न्हाय. नांगर हाय."

"भावंडं तोडायची नाहीत," साहेब म्हणाले.

हे तीन रविवार चाललं. तीन आठवडे निळी टाचणी टीव्हीच्या डाव्या कोपऱ्यावर तशीच. शेवटी मेहताभाईंनी एक पिंप उतरवलं आणि 'तात्पुरतं' म्हणून मुलांना बसवलं. मी कप विसळत होतो आणि मनात म्हणत होतो, काय ही म्हातारी माणसं!

जुलैच्या शेवटी काकूंनी मला भाजीवाल्यापाशी गाठलं. पिशवी माझ्या हातात दिली, म्हणजे मी पळणार नाही.

"तू मेलास आणि माझ्या सुनेचं बाळंतपण अडलं," म्हणाल्या.

मला काही कळेना. मग सगळं बाहेर आलं. त्यांचा एकुलता एक मुलगा चार वर्षांपूर्वी नोकरीला अमेरिकेत गेला होता. कुठे? ऑरेगनला. सून ऑक्टोबरमध्ये बाळंत होणार, तिला आई नाही, काकूंनी यावं म्हणून ती रोज फोन करत होती. दोघांची तिकिटं काढलेली, अठ्ठावीस सप्टेंबरची. काकू एकट्या जायच्या नाहीत, कधी ठाण्यालाही एकट्या गेल्या नव्हत्या. आणि साहेबांनी जाहीर केलं होतं की तांडा पोचल्याशिवाय ते विमानात बसणार नाहीत.

"म्हणतात, माणसं खाली पायी चालतायत आणि मी वरून भुर्रकन जायचं? बरं दिसत नाही." काकूंनी कपाळावर हात मारला. "आधी पंधरा सप्टेंबरला पोचणार होता मेला तो तांडा. मीच हिशोब करून तिकिटं काढायला सांगितली. आता तू पाच जण मारलेस, तीन आठवडे गेले. ह्यांचा हिशोब सहा ऑक्टोबर म्हणतो."

"काकू, अहो, ती टाचणी आहे."

"ते मला सांगतोस?" त्या एकदम हळू बोलल्या. "मुलगा गेला ना, त्याच आठवड्यात तो नकाशा भिंतीवर आला. तोवर पुस्तकात होता. चार वर्षं मुलगा बोलावतोय, हे काही ना काही काढतात. ह्या वर्षी पहिल्यांदा म्हणाले, जाऊ. तांड्याबरोबर पोचू. माझ्या लक्षात आलं, ह्यांना असंच जायचंय. पायी पायी." पिशवी परत घेतली. "तू बिघडवलंस. तूच नीट कर."

मी नीट केलं ते असं. पुढच्या रविवारी पंधरा मिनिटं आधी गेलो. साहेब आंघोळीला, काकू देवापाशी. टाचणी उपटली आणि चार बोटं पुढे टोचली. दर रविवारी चार बोटं, पाच-सहा रविवारांत काम फत्ते. मग खुर्चीत बसून काकूंना हाक मारली, "काकू, चहा होईल का?"

साहेब टॉवेलनं डोकं पुसत आले, भिंतीकडे पाहिलं आणि थांबले. भिंतीवर खिळ्याला त्यांची मोजणीची साखळी टांगलेली असायची, तेहतीस फुटांची, रिटायर होताना साहेबांनी हट्टानं मागून घेतलेली. पण ती काढायची गरज पडली नाही. त्यांनी वीत टेकवली.

"कोणीतरी तांडा ढकललाय," म्हणाले.

सगळे जमले तेव्हा ते माझ्याकडे न बघता बोलले. "मी छत्तीस वर्षं बांध कोरणारे बघितलेत. एकदम कोणी हातभर सरकवत नाही. चार बोटं, चार बोटं. आणि अशा माणसाची खूण काय सांगू? मोजणीच्या दिवशी तोच सगळ्यात आधी हजर. आणि आल्या आल्या चहा मागतो."

माझ्या हातात कप होता. मेहताभाई खिडकीबाहेर बघू लागले. नाखवा मात्र खो खो हसले, "चोर न्हाय, कप धुवाचा मानूस हाय तो!"

साहेबांनी टाचणी काढून जुन्या भोकात टोचली. "पोचायचं तर चालून पोचायचं," म्हणाले. "नाहीतर पोचायचं नाही." आणि खाली बसले. तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं की हा माणूस घाबरलाय. सहा ऑक्टोबर त्यांनाही नको होता. पण चुकीच्या टाचणीवर पाय देऊन मुलाच्या दारात उभं राहणं त्यांना जमणार नव्हतं.

स्वयंपाकघरातून काकू आल्या. पदराला हात पुसत, पण चहा न घेता.

"मला सभासद व्हायचंय."

 इतके महिने त्या आत उभ्या राहून सगळं ऐकत होत्या, आणि आम्ही त्यांना फक्त 'साखर कमी' एवढंच सांगत होतो.

"गाडी शिल्लक नाही," साहेब पुटपुटले.

"ह्या मेलेल्याची आहे ना? रिकामीच तर चाललीय. ती दोन पोरं माझी. विषय संपला." मग त्यांनी कंबरेला खोचलेला एक काटा काढला. बॅगा तोलायचा, हुकाचा. "आता वजनाचं बोलू. मी आठ दिवस बॅगा भरतेय. विमानवाला मोजून वजन देतो. मी पाटा-वरवंटा काढला, पितळी डबा काढला, सुनेसाठी केलेले निम्मे लाडू काढले. रडले, पण काढले. तुमच्या गाड्यांतून काय काढलंत?"

"काकू, खिळा तो चाहिये..."

"तिकडे काय खिळे मिळत नाहीत? मुलगा म्हणतो सगळं मिळतं. काढा."

मेहताभाईंनी खिळे काढले. नाखव्यांनी बराच वेळ घेतला. मग म्हणाले, "बाय सांगते तं टाकतो. पन वाटेव नको, नदीन टाकतो." तेवढं मान्य झालं.

"वजन कमी झालं म्हणून बैल जोरात चालतात हे कशावरून?" साहेब म्हणाले. आवाजात आशा होती, पण पुराव्याशिवाय ते देवालाही मानत नव्हते.

"तुमच्याच वहीवरून. चेण्याचं पान काढा."

साहेबांनी वही आणली. चष्मा लावला. मोठ्यानं वाचलं, "विटा अधिक इसम, दिवसाला पंधरा मैल. इसम पडल्यावर," इथे ते थांबले, माझ्याकडे पाहिलं, "अठरा."

माझ्या आयुष्यात मी जगाच्या इतका उपयोगी पडल्याचं दुसरं उदाहरण नाही.

"रोज तीन मैल जास्त," काकू म्हणाल्या. "सव्वीस सप्टेंबरला पोचतो. मी केलाय हिशोब. आता तुमच्या गाडीतलं काय काढताय?"

 साहेबांच्या गाडीत काय आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. ते उठले, खिळ्यावरची साखळी काढली, दोन्ही हातांत क्षणभर तोलली आणि स्टूलवर चढून माळ्यावर टाकली. खाली उतरून वहीत लिहिलं, 'साखळी टाकली.' मग विचारलं, जणू लहान मुलानं विचारावं, "पण मग अंतर कसं मोजायचं?"

"पावलांनी," काकू म्हणाल्या. "तुमची पावलं कुठे गेलीत?"

सव्वीस सप्टेंबरला निळी टाचणी लोणच्याच्या बरण्यांवर पोचली. काकूंनी शिरा केला. नाखवा रडले, पोरांसाठी की नांगरासाठी ते सांगता येत नाही. अठ्ठावीसला दोघं गेले. टॅक्सीत बसताना साहेबांनी मला हाक मारली. वाटलं, काही निरोपाचं बोलतील. म्हणाले, "मागे जागा आहे का बघ. डिकी लहान वाटतेय."

मार्चमध्ये ते परत आले. नात झाली होती. पहिल्याच रविवारी सगळे जमलो आणि फोटो फिरू लागले. एका फोटोत उघडा माळ, त्यावर जमिनीत खोल गेलेल्या दोन समांतर चाकोऱ्या, दीडशे वर्षांपूर्वीच्या गाड्यांच्या. नातीला महिना झाल्यावर मुलानं पाच तास गाडी चालवून त्यांना तिथे नेलं होतं. काकू दुपट्यात गुंडाळलेली नात घेऊन उभ्या, मुलगा मागे, आणि साहेब कानटोपी घालून गुडघ्यांवर बसलेले, दोन चाकोऱ्यांमधलं अंतर वितीनं मोजतायत.

"आणि हे बघ," काकूंनी दुसरा फोटो माझ्यापुढे धरला. चाकोरीच्या कडेला गवतात पाच फुलं. "तुझी माणसं. ती गेली ती जागा खरं तर वाटेत खूप मागे राहिली, तिथे जायला अजून दोन दिवस लागतात म्हणाला मुलगा. म्हणून इथेच वाहिली. सून विचारत होती, आई, कोण गेलं? मी म्हटलं, शेजाऱ्यांकडची."

मला गंमत करायची होती. त्याऐवजी फुलं मोजली. मी फोटो नाखव्यांकडे सरकवला.

तेवढ्यात साहेब म्हणाले, "एक विचारायचं राहिलं. पंचनाम्यात घेतलंच नव्हतं. ती मॅच. काय झालं तिचं?"

आजवर हे मला कोणी विचारलं नव्हतं, आणि विचारू नये अशीच माझी इच्छा होती. पण त्या घरात खोटं चार बोटंसुद्धा टिकत नाही, हे मी शिकलो होतो.

"दुसऱ्या ओव्हरला केबल गेली," मी म्हणालो. "ती रात्रीपर्यंत आली नाही."

मेहताभाईंनी कप खाली ठेवला. साहेबांनी वही उघडली आणि लिहून घेतलं. काकूंनी मला वरपासून खालपर्यंत एकदा नीट बघितलं.

"म्हणजे सात मारायला निघालास, त्यात दोन राहिली, आणि मॅच पण बघितली नाहीस," म्हणाल्या. "तुझ्यापेक्षा पटकी बरी रे. ती हातात घेतलेलं काम पुरं तरी करते."